खारबांध, बंधारा आणि 'हवामान निधी': खाडीकाठच्या पंचायतीने पैसे नेमके कुठे मागायचे?

प्रश्न रायगड जिल्ह्यातल्या एका सरपंचताईंचा आहे. त्यांचे गाव खाडीकाठी, एक वाडी थेट समुद्रावर. खारबांध, म्हणजे खाडीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध, दोन ठिकाणी फुटला आहे आणि आतली भातशेती पडीक झाली आहे. आवस-पुनवेच्या उधाणाला वाडीतल्या पहिल्या रांगेतल्या घरांत पाणी शिरते. बंधाऱ्यासाठी अर्ज करून त्या दमल्या. आता एक सल्लागार म्हणतो, 'जागतिक हवामान निधीतून ५ कोटी आणून देतो, आधी प्रस्ताव बनवण्याची फी द्या.' असा निधी खरोखर आहे का, पंचायतीने अर्ज कुठे करायचा, आणि वाडी हलवायची वेळ आली तर त्यालाही अनुदान मिळते का, असे त्या विचारतात.

ताई, सल्लागारापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे पैसे बुडण्याची घाई आहे. निधी खरा आहे. त्याचे नाव ग्रीन क्लायमेट फंड. २०१८ साली या फंडाने महाराष्ट्र, ओडिशा आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केले. राज्यांचा आणि इतरांचा वाटा धरून प्रकल्प साधारण १३ कोटी डॉलरचा. आपल्याकडे तो वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि त्याच्याशी जोडलेले कांदळवन प्रतिष्ठान राबवते. कांदळवनांची पुनर्लागवड, खेकडापालन, कालवेपालन, जिताड्याचे पिंजरे अशी कामे त्यात येतात.

पण या फंडाच्या दारात ग्रामपंचायत उभी राहू शकत नाही. तिथे फक्त मान्यताप्राप्त संस्था प्रस्ताव घालतात, भारतात उदाहरणार्थ नाबार्ड किंवा संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम. एका प्रस्तावाला कल्पनेपासून मंजुरीपर्यंत वर्षे जातात आणि त्यात एका गावाचा बंधारा नसतो, तीन राज्यांचा किनारा असतो. त्यामुळे 'तुमच्या पंचायतीसाठी ५ कोटी आणतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. तो कदाचित हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठीच्या राष्ट्रीय अनुकूलन निधीचे नाव घेईल. केंद्राने २०१५ मध्ये सुरू केलेला आणि नाबार्डमार्फत चालणारा हा निधी चांगला होता, पण नोव्हेंबर २०२२ पासून ती योजना म्हणून चालू नाही. जुन्या माहितीपुस्तिका अजून फिरतात आणि त्यांच्या जोरावर असे प्रस्ताव विकले जातात.

मग पैसे आहेत कुठे? आहेत, पण 'समुद्र वर येतोय' या नावाची थैली सरकारात नाही. बांध फुटण्याची थैली वेगळी, किनारा धुपण्याची वेगळी, घरात पाणी शिरल्यावरच्या मदतीची वेगळी, मच्छीमारांच्या पोटापाण्याची आणखी वेगळी. प्रत्येकीचा खातेप्रमुख वेगळा, त्याचे नियम वेगळे. तुमचा आतापर्यंतचा अर्ज एकच असेल आणि त्यात हे सगळे एकत्र लिहिलेले असेल, असा माझा अंदाज आहे. असा अर्ज ज्या टेबलावर जातो तिथला माणूस 'हा आमचा विषय नाही' असा शेरा मारून तो पुढे ढकलतो. वर्षभराने तो फिरून पहिल्या टेबलावर येतो. यात कोणाचा खोटेपणा नसतो, प्रत्येकाचा विषय खरोखरच अर्धवट असतो. म्हणून तुमच्या गावाचे दुखणे तोडून तीन वेगळे अर्ज करा.

पहिला अर्ज खारबांधाचा. तो पहिला घ्या असे मी आग्रहाने सांगतो, भले वाडीतले लोक वाडीच्या बंधाऱ्यासाठी ओरडत असोत. फुटलेल्या बांधाचे घड्याळ फार वेगाने पळते.

तुमच्या बाहेरकाठ्यातली, म्हणजे खाडीकडच्या बांधातली, उघाडी (पाणी सोडण्याचे दार) एकदा ओहोटीला जवळून बघा. पाण्याच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली लाकडी झडप असते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला बाहेर ढकलते आणि वाहून जाते. भरती चढली की खाडीचे पाणी तिला दाबून बंद करते. ना मोटर, ना वीज. फटीत एक लाकडाचा ओंडका किंवा प्लॅस्टिकचा गोळा अडकला की झडप पुरती मिटत नाही आणि एका भरतीत खारे पाणी सगळ्या कोंडीत, म्हणजे बांधाच्या आत, पसरते. ही यंत्रणा चालते ती भरती आणि ओहोटीच्या पातळीतल्या फरकावर. उत्तर हिंद महासागराची पातळी १९९३ ते २०१५ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढल्याचे केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालात आहे. त्याच वेगाने तीस वर्षांत दहा सेंटीमीटर होतात. ऐकायला किरकोळ वाटते. पण खाजणातली, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली, जमीन आधीच उधाणाच्या पातळीखाली, जवळजवळ सपाट, आणि बांध घातल्यापासून तिच्यावर खाडीचा नवा गाळ बसत नाही म्हणून ती हळूहळू खचतेही. खाडीची पातळी वर आली की ओहोटीत झडप उघडी राहण्याचा वेळ कमी होतो. पूर्वी जेवढ्या तासांत आतले पाणी उतरायचे तेवढे तास आता मिळत नाहीत. शेतकरी म्हणतात 'पाणी तुंबायला लागलंय', आणि दोष देतात उघाडीच्या गाळाला. गाळ असतोच, पण हेही एक कारण असते. म्हणून नुसती 'बांध दुरुस्ती' मागू नका. अंदाजपत्रकात काठ्याचा माथा किती उंच हवा आणि उघाडीची गाळी (पाणी जाण्याचे मार्ग) किती वाढवायला हवीत, हे दोन मुद्दे नाव घेऊन लिहायला लावा. नाहीतर जुन्याच मापाची उघाडी नव्या सिमेंटात परत बसते.

आता घड्याळाचे सांगतो. खांड पडली, म्हणजे बांध फुटून वाट झाली, की खारे पाणी रोज आत येते आणि त्याबरोबर तिवरांचे (कांदळवनातल्या झाडांचे) बी येते. दोन-तीन पावसाळ्यांत तुमच्या भातखाचरांत गुडघाभर कांदळवन उभे राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर कांदळवन तोडायला सार्वजनिक हिताचे काम असले तरी न्यायालयाची परवानगी लागते आणि जमीन खासगी असल्याने सुटका होत नाही. भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे. हा निकाल नसता तर या किनाऱ्यावरची कांदळवने बिल्डरांनी आणि भराववाल्यांनी केव्हाच गिळली असती. पण फुटलेल्या बांधामागच्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्याची दुसरी बाजू येते. जी खांड ताजी असताना साध्या दुरुस्तीत मिटली असती, तिला नंतर वन विभाग, सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरण आणि न्यायालय अशा तीन पायऱ्या लागतात. सातबारावर भात, जमिनीवर जंगल. तुमच्या दोन खांडींमागे अजून झाड उभे नसेल तर आजच तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि तारखेचे फोटो जोडा. झाड उभे असेल तर बांधाची नवी रेघ आतून घेता येते का ते अभियंत्याला विचारा. थोडी जमीन सोडावी लागेल, पण बांधाबाहेर राहणारे तेच कांदळवन लाटेचा मार खाऊन नव्या काठ्याचे आयुष्य वाढवते. हा पर्याय शेतकऱ्यांना पहिल्यांदा पटत नाही. ज्याची जमीन बाहेर जाते त्याला बाकीच्यांनी काय द्यायचे, हे ग्रामसभेतच मिटवावे लागते, शासन ते मिटवून देत नाही.

अर्ज खारभूमी विकास विभागाकडे जातो, पण तिथे जाण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमची योजना शासकीय आहे की खासगी? १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याखाली जे बांध शासनाने ताब्यात घेतले त्यांच्याच दुरुस्तीला विभागाचा निधी मिळतो. गावकऱ्यांनी पूर्वापार एकत्र येऊन घातलेले कितीतरी बांध या यादीत नाहीत. खासगी असेल तर दुरुस्तीचा नव्हे, योजना शासनाकडे घेण्याचा अर्ज आधी करायचा. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षे चुकीच्या खिडकीवर उभ्या राहिलेल्या पंचायती मी पाहिल्या आहेत. दुरुस्ती होईपर्यंतच्या हंगामांसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती आहेत, पनवेल १, २ आणि ३. खांड बुजली पण माती अजून खारी आहे, अशा एक-दोन वर्षांत त्या उपयोगी पडतात. खाडी रोज आत येत असेल तर कुठलीच जात टिकणार नाही.

दुसरा अर्ज घरात शिरणाऱ्या पाण्याचा, आणि इथे बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे. केंद्राने ठरवलेल्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, त्सुनामी आहे, पण समुद्राचे उधाण नाही. महाराष्ट्राने मात्र २०१४ मध्ये स्वतःची पूरक यादी केली आणि तिच्यात अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे, आकस्मिक आग यांच्या जोडीला 'समुद्राचे उधाण' हे शब्द आहेत. त्यामुळे पंचनाम्यात कारण काय लिहिले जाते यावर सगळे ठरते. तलाठी घाईत 'पाणी शिरल्याने नुकसान' एवढेच लिहितात, किंवा पाऊस चालू असेल तर अतिवृष्टी लिहून मोकळे होतात. मग महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर त्या दिवशी पाऊस ६५ मिलिमीटरच्या खाली निघतो आणि मदत नाकारली जाते. पंचनाम्यात 'समुद्राचे उधाण' हेच शब्द, तारीख, तिथी आणि भरतीची वेळ लिहून घ्या.

मदतीची रक्कम मोठी नसते, हे खरे. पण त्या पंचनाम्यांचा खरा उपयोग पुढे आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ पासून राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले. ८० टक्के प्रतिसाद निधी, म्हणजे आपत्तीनंतरची मदत आणि पुनर्बांधणी. २० टक्के सौम्यीकरण निधी, म्हणजे आपत्ती येण्याआधी करायची कामे. पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांचा मिळून हा निधी १ लाख ६० हजार कोटींच्या घरात होता. राष्ट्रीय पातळीवर नदी आणि समुद्राची धूप रोखायला १,५०० कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी वेगळे काढले होते. त्या आयोगाचा काळ मार्च २०२६ ला संपला, तेव्हा नव्या आयोगाचे आकडे आणि नियम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्याकडून मागून घ्या. जुन्या आकड्यावर प्रस्ताव बांधू नका. सौम्यीकरणाचा प्रस्ताव जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत राज्याकडे जातो आणि तिथे पहिला प्रश्न येतो, 'या जागी किती वेळा नुकसान झाले?' उत्तर देणारी चीज म्हणजे तुमचे पंचनामे. म्हणून 'दोन हजारांसाठी कोण तलाठ्याच्या मागे फिरणार' असे म्हणून पंचनामा सोडणाऱ्या घरमालकाला ताई तुम्ही समजावा. तो कागद त्याच्या दोन हजारांपेक्षा वाडीच्या पुढच्या प्रस्तावासाठी लागतो.

तिसरा अर्ज धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा. तुम्हाला आवडणार नाही, पण सांगतो. वाडीसमोर दगडांची रांग ही सगळ्यांत लवकर सुचणारी, सगळ्यांत महाग आणि पुष्कळदा सगळ्यांत कमी टिकणारी गोष्ट. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रह चित्रांवरून देशाच्या किनाऱ्याचा अभ्यास केला, त्यात महाराष्ट्राचा साधारण पाव किनारा धुपत असल्याचे दिसले. म्हणजे पाऊण भाग धुपत नाही किंवा तिथे वाळू साठते आहे. तुमची वाडी कुठल्या गटात आहे हे आधी कळायला हवे. पुष्कळ ठिकाणी पुळण (वाळूचा किनारा) मागे सरकते ती समुद्र वर आल्यामुळे कमी आणि शेजारी बांधलेल्या जेटीने किंवा खाडीच्या तोंडाच्या वाळूउपशाने जास्त. तिथे दगड टाकून मूळ कारण जागच्या जागी राहते. शिवाय बंधारा जिथे संपतो त्या टोकाला लाटेचा जोर वळतो आणि पुढच्या वाडीची पुळण खरवडली जाते. मग ती वाडी बंधारा मागते, तो झाला की तिच्या पुढची. मालवणच्या देवबागला जाऊन बघा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी वाळूची पट्टी. तिथे बंधारा मागणाऱ्यांना 'भिंत नको' असे सांगायची माझी हिंमत नाही, कारण मागे सरकायला जागाच नाही. पण तुमच्या वर्णनावरून तुमच्या वाडीमागे जागा आहे. तुमच्यापुढे निवड आहे, देवबागकरांपुढे नव्हती.

बंधाऱ्याचे काम पंचायतीचे नाही, पत्तन अभियंता (बंदरांची कामे पाहणारे सरकारी अभियंते) आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचे. पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून, कोकणाच्या आपत्ती सौम्यीकरण कार्यक्रमातून किंवा कर्जातून येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आशियाई विकास बँकेशी महाराष्ट्राच्या किनारा संरक्षणासाठी ४ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला, तो कर्जाचा आहे. पेपरात त्याची बातमी 'किनाऱ्यासाठी निधी' म्हणून आली की गावागावांतून अर्ज सुटतात. त्यातली ठिकाणे अभ्यासाने आधीच ठरलेली असतात, अर्जाने यादीत जाता येत नाही. तुम्हाला करता येण्यासारखे म्हणजे ग्रामसभेचा ठराव 'बंधारा बांधावा' असा न करता 'या किनाऱ्याचा अभ्यास करून उपाय सुचवावा' असा करणे. ठराव असा असला की अभियंत्याला सुरूच्या झाडांची लागवड, वाळूची भर, जिओ ट्यूब (वाळू भरलेल्या मोठ्या कापडी नळ्या), थोडा दगड यांतले काहीही सुचवायची मोकळीक मिळते आणि किनारा नियमन क्षेत्राची परवानगीही सोपी जाते. बंधारा म्हणून मागितले की बंधाराच मिळतो, किंवा काहीच मिळत नाही.

उपजीविकेच्या पैशाचे थोडक्यात सांगतो, कारण ते मिळायला सगळ्यांत सोपे आहेत. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत गटाला ९० टक्के आणि एकट्या लाभार्थ्याला ७५ टक्के शासनाचा वाटा मिळतो. त्यासाठी गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती लागते. महिलांचे गट यात चांगले चालतात, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली महिलांची कांदळवन सफर बघून या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. त्याच योजनेत देशातली १०० किनारी मच्छीमार गावे हवामानाला तोंड देण्यासाठी निवडायची होती, प्रत्येकी २ कोटी रुपये आणि सगळा खर्च केंद्राचा. तुमचे गाव त्या यादीत आहे का हे मत्स्यव्यवसायाच्या सहायक आयुक्तांकडे एका फोनवर कळेल. केंद्राची मिष्टी योजना २०२३ च्या पर्यावरणदिनी सुरू झाली ती कांदळवन लागवडीची. तिच्यात पंचायतीला मजुरीचे काम मिळते, हातात अनुदान येत नाही.

आता पुराव्याबद्दल. इथे पंचायतीचा एक रुपया फारसा लागत नाही आणि तरी हेच कोणी करत नाही. वाडीतल्या शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या जोत्यावर, देवळाच्या पायरीवर आणि उघाडीच्या खांबावर रंगाने सेंटीमीटरच्या खुणा करा. प्रत्येक मोठ्या उधाणाला पाणी कुठल्या खुणेपर्यंत आले ते वहीत लिहा. कोळी माणूस तिथीने मोजतो आणि सरकार तारखेने, म्हणून दोन्ही लिहा. जोडीला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यातला त्या दिवसाचा आकडा लिहा. मुंबईच्या अपोलो बंदराचा तक्ता सहज मिळतो, तुमच्या खाडीसाठी जवळच्या बंदराचा मिळाला तर त्याहून बरे. तक्त्यातला आकडा आणि तुमच्या खुणेवरचे पाणी यांतला फरक हीच खरी बातमी असते. तक्ता म्हणतो नेहमीचेच उधाण, पण पाणी खुणेवर अर्धा हात वर, तर त्या दिवशी वारा होता, लांबून आलेली लाट होती की खाडीत भराव पडल्याने पाण्याला पसरायला जागा उरली नव्हती, हा प्रश्न अभियंता स्वतःहून विचारतो. हैदराबादचे महासागर माहिती केंद्र उंच लाटांचा इशारा देते, त्याचा मेसेज आला असेल तर त्याची प्रत चिकटवा. वही शाळेतल्या मुलांकडे देऊ नका, सुट्टीत खंड पडतो. मच्छीमार सोसायटीच्या सचिवाकडे द्या, तो तसाही रोज बंदरावर असतो.

खारबांधाच्या कामातली आणखी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. माती लावायचा हंगाम पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत. त्यातही भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या, दिवसांतच खांड बांधता येते, उधाण आले की टाकलेली माती वाहून जाते. पण निधी वाटपाची सरकारी लगबग असते मार्चमध्ये. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश होईस्तोवर मे उजाडतो. कंत्राटदार घाईत चिखल टाकतो, पहिल्या पावसाळी उधाणाला तो जातो आणि कागदावर काम झालेले राहते. पुढची तीन वर्षे 'या ठिकाणी नुकतीच दुरुस्ती झाली आहे' या कारणाने पैसे मिळत नाहीत. म्हणून अंदाजपत्रक पावसाळ्यातच करून घ्या आणि मान्यता दिवाळीपर्यंत यावी असा पाठपुरावा ठेवा. आमदारांना भेटायचे तर मार्चमध्ये नको, जुलैच्या अधिवेशनाआधी भेटा. आणि उशिरा मान्यता आली तर 'काम ऑक्टोबरनंतर सुरू करावे' असे पंचायतीचे लेखी पत्र विभागाला द्या. लोक म्हणतात मिळतंय ते घ्या. मी म्हणतो मे महिन्यातली माती घेऊ नका.

देखभालीला यातली एकही थैली पैसे देत नाही. उघाडीची झडप, बांधावरची खेकड्यांची बिळे, दर पावसाळ्यानंतरची माथ्याची माती, हे वर्षाला थोडक्या खर्चाचे काम आहे, पण ते कोणाचेच नाही. पूर्वी घरटी एक माणूस बांधावर जायचा. आता घरटी एक माणूस मुंबईला किंवा कंपनीत असतो. मग घरटी वर्गणी ठरवा किंवा कोंडीतल्या जिताड्याचा लिलाव करून त्याचे पैसे बांधाच्या खात्यात टाका. प्रस्तावात ही तरतूद ठरावासकट लिहिलेली असेल तर मंजुरी देणाऱ्याचे मन वळते, हा अनुभव आहे.

वाडी हलवण्याचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, पण लोकांच्या मनात तोच पहिला असतो. हळूहळू चढणाऱ्या समुद्रापुढून गाव हलवण्यासाठी पंचायतीला थेट अर्ज करता येईल अशी योजना महाराष्ट्रात नाही. वित्त आयोगाने विस्थापितांसाठी काढलेला पैसा राज्यामार्फत मागावा लागतो. देशात ठरवून केलेले मोठे स्थलांतर ओडिशातल्या सातभायाचे. सात गावांतली बरीचशी समुद्राने आधीच घेतली होती, उरलेल्या ५७१ कुटुंबांना २०१८ पर्यंत बागपटिया वसाहतीत हलवले. घराला जागा मिळाली, बांधकामाला पैसे मिळाले. शेतजमीन मिळाली नाही आणि समुद्र लांब राहिला, त्यामुळे वसाहतीतली तरुण मुले कामासाठी केरळसारख्या दूरच्या राज्यांत जाऊ लागली. तुमची पहिली रांग वीस-तीस घरांची असेल तर सगळी वाडी हलवण्याची भाषा करू नका. त्याच गावठाणाच्या मागच्या बाजूला, होडीपर्यंत चालत जाता येईल इतक्या अंतरावर सरकारी जागा आहे का ते तलाठ्याकडून काढा. गावठाण विस्तारात ती धरून घेतली तर घरकुल योजनेचे पैसे त्या घरांना तिथे वापरता येतात. अडचण एकच, पण मोठी. कोळीवाड्यातल्या घरांना बहुधा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक नसते आणि जुन्या घराचा हक्क सिद्ध झाल्याशिवाय नवी जागा नावावर होत नाही. भूमी अभिलेखकडून सीमांकन आणि घरांची मोजणी हे काम आजपासून सुरू करा, कारण वर सांगितलेल्या सगळ्या कामांत सगळ्यांत जास्त वेळ याला लागतो. आणि घर हलले तरी होडी, जाळी आणि मासळी वाळवण्याची जागा किनाऱ्यावरच राहील, असे ठरावात स्पष्ट लिहा. रिकामी झालेली समुद्राकडची जागा कोणाच्या डोळ्यांत भरते हे तुम्हाला सांगायला नको.

राहता राहिली सल्लागाराची फी. पंचायतीच्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून तेवढे पैसे निघत असतील तर ते मोजणीवर घाला. तालुक्याला लेव्हलचे यंत्र घेऊन काम करणारे सर्व्हेअर असतात. बाहेरकाठ्याचा माथा, दोन्ही खांडींची रुंदी आणि तळ, उघाडीचा उंबरा, वाडीतल्या पहिल्या रांगेची जोती, एवढ्यांच्या पातळ्या एकाच बेंचमार्कवरून (उंची मोजायच्या पक्क्या खुणेवरून) काढून नकाशा सहीशिक्क्यासह घ्या. विकास आराखड्यात हे काम 'बांध व वस्ती पातळी सर्वेक्षण' असे नाव देऊन धरा, म्हणजे लेखापरीक्षणात अडकणार नाही. तीनही अर्जांना तोच नकाशा जोडता येतो. खारभूमीचा अर्ज मात्र त्याची वाट बघत थांबवू नका. तो पंचनाम्यावर लगेच जाऊ द्या, नकाशा मागाहून जोडला तरी चालतो.